लातूरला अभ्यासिका गल्लोगल्ली, पण राउटरला हात लावायला जागा कुठाय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात बीसीए, बी.एस्सी., डिप्लोमा नाहीतर आयटीआय झालेलं लेकरू आहे आणि ते "सीसीएनए करतो, पैसे द्या" म्हणतंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. नगरसेवकांच्या, आमदारांच्या, संस्थाचालकांच्या जवळची बरीच मंडळी या यादीत आहेत. त्यांनीही वाचावी, कारण मागणं त्यांच्याकडंच आहे.

आधी म्हणणं सांगून टाकतो. नेटवर्किंगच्या परीक्षेला हातानं सराव लागतो. तो सराव आता इतका स्वस्त झालाय की त्यासाठी प्रत्येक घरानं वेगळा खर्च करून पोराला पुण्याला पाठवायची गरज राहिलेली नाही. शहरानं एकदा खर्च करावा आणि अभ्यासिका जशी सगळ्यांना खुली असते तशी सरावाची लॅब खुली ठेवावी.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बँकेची शाखा मुख्य कार्यालयाशी जोडलेली असते, दवाखान्यातला रिपोर्ट डॉक्टरच्या स्क्रीनवर येतो, साखर कारखान्याच्या काट्यावरचं वजन ऑफिसात उमटतं. हे सगळं ज्या पेट्यांमधून जातं त्या म्हणजे राउटर आणि स्विच. त्या नीट लावणारा, आणि बंद पडल्या की चालू करणारा माणूस म्हणजे नेटवर्क इंजिनिअर. या कामात शिरायचा जगभर मानला जाणारा दरवाजा म्हणजे सिस्को कंपनीची सीसीएनए परीक्षा. तिचा सध्याचा क्रमांक २००-३०१. वेळ १२० मिनिटं. फी ३०० डॉलर, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे आजच्या भावानं तीस हजारांच्या वर-खाली. नापास झालात तर पुन्हा तेवढेच. पास झालात तरी प्रमाणपत्र तीनच वर्षं चालतं.

परीक्षेची फी आपल्या हातात नाही. ती कंपनी ठरवते. आपल्या हातात आहे तो तयारीचा खर्च, आणि खरी लूट तिथंच चालते.

माझ्या ओळखीतल्या एका पोराचा हिशोब देतो. औसा तालुक्यातला, वडील कोरडवाहू शेतकरी. पुण्यातल्या एका क्लासची फी चाळीस हजार. चार महिने खोली आणि मेस, महिन्याला नऊ हजार धरून छत्तीस हजार. झाले शहात्तर हजार. परीक्षेची फी अजून पुढंच आहे. या बदल्यात मिळालं काय? एका बॅचला तीस पोरं आणि लॅबमध्ये दोन रॅक. सर पुढं बसून कमांड टाकणार, पोरं वहीत उतरवून घेणार. चार महिन्यांत त्याच्या हाताला खरा राउटर किती तास लागला विचारलं, तर म्हणाला, "दादा, सगळे मिळून पाच-सहा तास असतील." शेवटच्या पंधरवड्यात क्लासनं एक पीडीएफ दिली. "एवढं पाठ करा, यातलंच येतं."

त्या पीडीएफला या धंद्यात 'डंप' म्हणतात. परीक्षेतून फुटलेले प्रश्न. हे वापरणं परीक्षेच्या अटींच्या विरुद्ध आहे, आणि सापडलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, हे क्लासवाले सांगत नाहीत. पण नैतिकतेचा मुद्दा घडीभर बाजूला ठेवू. डंप पाठ करून पास झालेल्या पोराचं पुढं काय होतं, ते मी टेबलाच्या पलीकडून बघितलंय.

बारा वर्षं मी याच कामात आहे. पुण्यात असताना नवीन पोरांच्या मुलाखतींना मला बसवायचे. मी फार प्रश्न विचारायचो नाही. दोन स्विच, एक राउटर आणि तीन लॅपटॉप जोडून ठेवायचो आणि त्यात एक चूक मुद्दाम करून ठेवायचो. एखादा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये, नाहीतर सबनेट मास्क एका बाजूला २४ आणि दुसऱ्या बाजूला २५. मग म्हणायचो, "बघ बाबा, हा लॅपटॉप त्याला पिंग का करत नाही?" हातात प्रमाणपत्र असलेली कितीतरी पोरं कीबोर्डला हात लावायलाच घाबरायची. व्याख्या तोंडपाठ. ओएसआय मॉडेलचे सात थर सरळही म्हणून दाखवणार आणि उलटेही. पण पहिली कमांड कोणती टाकायची हे सुचायचं नाही.

एकदा उदगीरकडचा एक आयटीआयवाला आला. प्रमाणपत्र नव्हतं. केबल इंटरनेटवाल्याकडं दोन वर्षं खांबावर चढून वायरी ओढलेल्या. त्यानं आधी पोर्टचा दिवा बघितला. मग केबल काढून परत लावली. मग म्हणाला, "सर, खालचं सगळं ठीक हाय, म्हणजे गडबड वरच्या सेटिंगमधीच असणार." आणि दहा मिनिटांत चुकीचं व्हीलॅन काढून दाखवलं. नोकरी त्याला मिळाली. त्या दोन वर्षांत चुका त्याच्या हातून झाल्या होत्या आणि त्यानंच त्या निस्तरल्या होत्या. लॅब म्हणजे हीच गोष्ट, फक्त खांबावर न चढता आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या न खाता.

आता कुणी म्हणेल, सगळं तर इंटरनेटवर फुकट आहे, लॅब कशाला? प्रश्न बरोबर आहे. उत्तर जरा सविस्तर देतो, कारण यात पालकांचे पैसे वाचतात.

पहिलं साधन पॅकेट ट्रेसर. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचं आहे. नाव नोंदवलं की फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. सीसीएनएच्या अभ्यासाचा बराच मोठा भाग यावर होतो. क्लासला एक रुपया देण्याआधी पोरानं महिनाभर हे वापरलंय का, एवढं विचाराच. पण तो राउटरची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे. त्यात जेवढ्या कमांड भरल्यात तेवढ्याच चालतात.

दुसरं, जीएनएस३ आणि ईव्ह-एनजी. हे दोन्ही राउटरचं खरं सॉफ्टवेअर आभासी यंत्रात चालवतात. जीएनएस३ मुक्त स्रोताचं आहे, ईव्ह-एनजीची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे. अडचण अशी की आत चालवायचं सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं असतं. मग पोरं टेलिग्रामवरून चोरीच्या फाइली उतरवतात, सोबत व्हायरसही येतो. त्यावर कायदेशीर उपाय आहेत. एफआरआर नावाचं मुक्त राउटिंग सॉफ्टवेअर आहे, त्याच्या कमांड सिस्कोसारख्याच दिसतात. नोकियाचं एसआर लिनक्स लॅबसाठी बिनपरवाना मिळतं. सिस्कोचं स्वतःचं सीएमएल आहे. त्याची वैयक्तिक आवृत्ती वर्षाला १९९ डॉलरची, पण पाच उपकरणांपुरती फुकट आवृत्तीही आता निघालीय. मायक्रोटिकचं राउटर सॉफ्टवेअरसुद्धा आभासी यंत्रावर फुकट चालतं, फक्त वेग १ एमबीपीएसपर्यंत बांधलेला असतो. शिकायला तेवढा पुष्कळ झाला. आणि मायक्रोटिकला कमी समजू नका. तालुक्याच्या गावातले इंटरनेटवाले बहुतेक त्याच्यावरच धंदा करतात.

म्हणजे सॉफ्टवेअरला पैसे जवळपास लागत नाहीत. मग गाडी अडते कुठं?

एक, मशीनवर. पाच-सहा आभासी राउटर एकदम उठवले की आठ जीबी रॅमचा लॅपटॉप गुडघे टेकतो. इथल्या किती घरांत सोळा जीबीचा लॅपटॉप आहे? पुष्कळ पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघून नेटवर्किंग शिकतायत. ते पोहण्याचे व्हिडिओ बघण्यासारखं झालं.

दोन, खऱ्या तारांवर. आरजे-४५ कनेक्टरमध्ये आठ तारा रंगाच्या क्रमानं बसवून क्रिंप करणं स्क्रीनवर शिकता येत नाही. कन्सोल केबल लावून ९६०० च्या वेगावर स्विचशी पहिल्यांदा बोलणं, पासवर्ड विसरलेला जुना राउटर सोडवणं, एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून एकाच स्विचमध्ये बसली की सगळे दिवे कसे वेड्यासारखे लुकलुकतात ते बघणं, हे हातानं आणि डोळ्यांनीच कळतं. आणि आपल्याकडची लाइट अचानक जाते तेव्हा सेव्ह न केलेलं दोन तासांचं कॉन्फिगरेशन एका क्षणात पुसलं जातं. हा धडा ज्याला एकदा मिळाला तो जन्मात सेव्ह करायला विसरत नाही.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण, बिघडवणाऱ्या माणसाची. घरी एकटं बसून पोरगं व्हिडिओ बघत जोडणी करतं. ती चालते. खूश होतं. पण नोकरीत कोणी चालू नेटवर्क हातात देत नाही, बंद पडलेलंच देतात. आपणच केलेली चूक शोधणं सोपं, दुसऱ्यानं केलेली शोधणं अवघड. त्यासाठी समोर कोणीतरी लागतो, जो तुम्ही चहाला गेलात की गुपचूप एक सेटिंग बदलून ठेवतो आणि नंतर हसत विचारतो, "सापडलं का?" फुकट सॉफ्टवेअर कितीही उतरवा, त्यातून हा माणूस मिळत नाही.

आता आपल्या गावाकडं येतो. लातूर पॅटर्नचं नाव महाराष्ट्रभर झालं ते कशामुळं? पोरांना सराव, सराव आणि सरावच करायला लावला म्हणून. एकच पेपर पुन्हा पुन्हा सोडवून घेतला म्हणून. सरावाचं महत्त्व या शहराला शिकवायची गरज नाही. ट्यूशन एरियात संध्याकाळी चक्कर मारा, रस्ता पोरांनी फुललेला असतो. एमपीएससीवाल्यांच्या अभ्यासिका रात्री बारालाही भरलेल्या असतात. पण नीट आणि एमपीएससीच्या बाहेर पडलेलं पोरगं, ज्याला यंत्राशी खेळायचंय, त्याला तासभर राउटरसमोर बसायला मिळेल अशी सगळ्यांना खुली जागा मला तरी या शहरात दिसलेली नाही. कॉलेजांच्या लॅब आहेत. पण त्या त्या कॉलेजच्या पोरांसाठी, तासिकेपुरत्या, आणि पुष्कळ ठिकाणी किल्ली सरांच्या खिशात. इन्स्पेक्शनच्या दिवशी तेवढी चकाचक.

मुलींचा प्रश्न तर अजून वेगळा. "चार महिने पुण्याला" म्हटलं की अनेक घरांत विषय तिथंच संपतो. शिकलेल्या, हुशार पोरी डेटा एंट्रीच्या कामाला लागतात. लॅब सिटी बसच्या अंतरावर असती तर त्यातल्या काही जणी आज नेटवर्क सांभाळत असत्या.

तर मागणी अशी. महापालिकेच्या एखाद्या अभ्यासिकेतली नाहीतर वाचनालयातली एक खोली द्या. खर्चाचा माझा अंदाज मांडतो, जाणकारांनी खाली दुरुस्त करावा.

जुना पण दणकट सर्व्हर, १२८ जीबी रॅमचा: ८० हजार.
नूतनीकरण केलेले सहा डेस्कटॉप, १२ हजारांप्रमाणे: ७२ हजार.
वापरलेले तीन राउटर आणि चार स्विच: ४० हजार.
मायक्रोटिकचे दोन छोटे राउटर: ५ हजार.
यूपीएस आणि बॅटरी: २५ हजार.
रॅक, केबल, क्रिंपिंगची हत्यारं, टेस्टर: १५ हजार.

बेरीज २ लाख ३७ हजार. रॅमचे भाव वर-खाली होतात म्हणून तीन लाख धरा. एफआरआर चालवणारा आभासी राउटर थोड्याशा मेमरीत भागतो, त्यामुळं त्या एका सर्व्हरवर पंधरा-वीस पोरं एका वेळी आपापलं नेटवर्क उभारू शकतात. घरून जोडून घेणारी वेगळी. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणालाही यापेक्षा जास्त लागतात.

वर्षाचा खर्च म्हणाल, तर संध्याकाळी चार तास बसणारा जाणता माणूस, मानधन महिना १५ हजार. वीज आणि इंटरनेट महिना ४ हजार. वर्षाचे झाले २ लाख २८ हजार. आता मघाच्या पोराचा हिशोब आठवा, शहात्तर हजार. तशी तीन पोरं म्हणजे २ लाख २८ हजार. तीन घरं पुण्यात जेवढं घालवतात तेवढ्यात अख्ख्या शहराची लॅब वर्षभर चालते. चाळीस पोरांकडून महिना तीनशे रुपये घेतले तरी वर्षाला १ लाख ४४ हजार जमतात. उरले ८४ हजार. एवढे या शहराला जड नाहीत.

पैसा कुठून? जिल्हा नियोजन समिती आहे, आमदार निधी आहे. कंपनी कायद्यात सीएसआरची तरतूद २०१३ पासून आहे आणि शिक्षण, कौशल्य त्यात बसतं. आणखी एक वाट आहे जिच्याकडं कुणाचं लक्ष नाही. सरकारी कार्यालयं आणि बँका काही वर्षांनी राउटर-स्विच बदलतात. जुनी पेटी डेडस्टॉक रजिस्टरला राहते, धूळ खाते, मग निर्लेखन होऊन भंगारात किलोवर जाते. कार्यालयाला निरुपयोगी झालेला दहा वर्षांपूर्वीचा स्विच शिकणाऱ्या पोराला सोन्यासारखा असतो. निर्लेखनाच्या वेळी अशी उपकरणं सार्वजनिक लॅबला देता येतील का, हे जिल्हाधिकारी कार्यालयानं तपासावं. एक काळजी मात्र घ्यावीच लागेल. देण्याआधी आतलं कॉन्फिगरेशन आणि पासवर्ड पूर्ण पुसले पाहिजेत.

दोन-तीन आक्षेप येणारच, त्यांना इथंच उत्तर देतो.

"सरकारी लॅबला सहा महिन्यांत कुलूप लागतं." लागतं, मान्य. म्हणून यंत्रांआधी माणूस नेमा आणि वेळ दारावर लिहा. संध्याकाळी पाच ते नऊ, रविवार धरून. त्याखाली दुसरी ओळ लिहा: इथं शिकताना काही बिघडलं तर भरपाई घेतली जाणार नाही. जुनी यंत्रं घ्यायची ती त्यासाठीच. यंत्र खराब होईल म्हणून हात लावू न देणारी लॅब म्हणजे शोकेस.

"एआय आल्यावर कोण विचारतंय नेटवर्किंगला?" सीसीएनएचा अभ्यासक्रम २०२४ मध्ये बदलला, त्यात एआयचा समावेश झाला. राउटिंग आणि स्विचिंग मात्र तिथंच आहे. एआय ज्या डेटा सेंटरमध्ये चालतो तिथंही स्विच लागतात, तारा लागतात आणि रात्री दोनला बंद पडलेली लिंक उठवणारा माणूस लागतो. ऐरोली-महापे पट्ट्यात अशी किती केंद्रं उभी राहिलीत ते जाऊन बघा. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली, पण पुष्कळ ठिकाणी ती तुटली की दुरुस्तीला महिने जातात. ते काम करायला माणूस तालुक्यातच असायला हवा.

"प्रमाणपत्र म्हणजे नोकरी का?" नाही. तसं आश्वासन देणाऱ्या क्लासपासून लांब राहा. लॅबनं नोकरीची हमी मिळत नाही. पण मुलाखतीत हात थरथरत नाहीत, आणि तीस हजारांची परीक्षा द्यायची की नाही हे पोराला स्वतःला कळतं. दोन महिने सराव करून एखाद्याला कळलं की हे आपलं काम नाही, तर तेही चांगलंच की. सहाशे रुपयांत कळलं, शहात्तर हजारांत नाही.

आणि हे आपल्या राज्यात अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली. त्या कोर्सबद्दल कुणाचं काहीही मत असो, पण तालुक्याच्या, मोठ्या गावांच्या ठिकाणी पोरगं प्रत्यक्ष संगणकासमोर बसलं, माउस स्वतःच्या हातानं हलवला. फळ्यावर माउसचं चित्र काढून संगणक शिकवता आला नसता, हे तेव्हा सगळ्यांना पटलं होतं. मग नेटवर्किंग आजही फळ्यावर का शिकवतो आपण?

पोरांनो, लॅब होईल तेव्हा होईल, तोवर थांबू नका. पॅकेट ट्रेसर उतरवा. वायरशार्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि आपल्याच घरच्या वायफायवर काय काय जातंय ते बघा. तिघा-चौघांचा गट करा, एकमेकांची नेटवर्कं बिघडवून द्या. जुन्या बाजारात एखादा मॅनेज्ड स्विच दोन-चार हजारांत मिळतो, वर्गणी काढून घ्या. डंपला हात लावू नका.

मी माझ्यापुरतं सांगतो. अशी खोली मिळाली तर आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊन मी फुकट बसेन. माझ्याकडं पडून असलेले दोन जुने स्विच आणि एक राउटर पहिल्या दिवशी आणून देईन. नेटवर्क बिघडवून ठेवायचं काम माझ्याकडं द्या, ते मला बरं जमतं.

या क्षेत्रातले लातूरचे जे कोणी पुण्या-मुंबईत, हैदराबादेत, बाहेरच्या देशात आहेत, त्यांनी कमेंटमध्ये लिहा: तास देणार, यंत्र देणार की पैसे देणार. वीस नावं जमली की ती यादी आणि वरचा हिशोब घेऊन आपण महापालिकेत जाऊ. नगरसेवकांना टॅग करायचं काम तुमचं.